पेरावयाचे खत

रोहिणी नक्षत्र निघाले आणि कुळवाच्या पाळ्या आटोपल्या, की तालुक्याच्या गावी खतांच्या दुकानांपुढे ज्या एका मालाची सर्वांत अधिक चौकशी होते, तो माल म्हणजे डीएपी, अर्थात डाय-अमोनियम फॉस्फेट. आणि ते करड्या-तपकिरी दाण्यांचे पोते पदरी पडले म्हणजे पेरणीची निम्मी तजवीज झाली, न पडले तर हंगामच हातचा गेला, अशी समजूत आपल्या शेतकरीवर्गात इतकी रुजली आहे की, दुकानदाराने त्याच्या ऐवजी दुसरे काही पुढे केले असता आपली फसगत होत आहे असेच गिऱ्हाइकास वाटते. २०२४ च्या रब्बी हंगामात परदेशांतून येणारा माल कमी पडल्यामुळे अनेक राज्यांत डीएपीची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या, तालुक्याला खेपा घातल्या. पण ज्या अन्नद्रव्यासाठी हा सारा खटाटोप, ते स्फुरद दुसऱ्या कोणत्या रूपाने मिळते, आपल्या जमिनीत ते मुळात किती आहे, आणि विकत आणलेल्यापैकी किती पिकाच्या मुखी लागते, याची विचारपूस करणारे थोडेच निघाले. पोते कोणते घ्यावे हा प्रश्न क्षुल्लक नाही. तथापि ते जमिनीत नेमके कोठे आणि केव्हा पडावे, हा प्रश्न त्याहून वरचढ आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण स्फुरदाच्या स्वभावातच आहे.

या द्रव्याचा शोध मोठा विलक्षण रीतीने लागला. १६६९ मध्ये हांबुर्ग शहरातील हेनिंग ब्रांट नावाचा एक किमयागार सोने हाती लागेल या आशेने मानवी मूत्र आटवीत बसला असता त्याला सोन्याऐवजी अंधारात चमकणारा एक मेणचट पदार्थ मिळाला, तोच फॉस्फरस. त्याचा शेतीशी संबंध उमगण्यास मात्र पुढे पावणेदोनशे वर्षे जावी लागली. वनस्पतींना मातीतून खनिज द्रव्ये लागतात, हा सिद्धांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० मध्ये जोराने मांडला. आणि इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील जमीनदार जॉन लॉज यांनी हाडे व फॉस्फेटयुक्त खनिजे यांवर गंधकाम्लाची क्रिया करून पाण्यात विरघळणारे खत बनविले व १८४२ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. तेच आपले सुपर फॉस्फेट. कारखान्यात बनविलेल्या खतांच्या आजच्या सगळ्या विस्ताराचे ते मूळ पुरुष. त्या काळी विलायतेला हाडांची भूक मोठी होती आणि ती काही अंशी हिंदुस्थानाने भागविली. १८८९ मध्ये येथील शेतीची पाहणी करण्यास आलेल्या डॉ. व्होएल्कर यांच्या १८९३ च्या अहवालात या निर्यातीची चर्चा आलेली आहे. गुरांच्या हाडांना हात लावावयास आपला बहुसंख्य शेतकरी धर्मभावनेने राजी नव्हता, हे खरे. पण त्यामुळे जमिनीतून गवतात, गवतातून गुरात आणि गुरातून हाडात साठलेले स्फुरद परत आपल्या जमिनीत न जाता जहाजांत भरले गेले, हेही तितकेच खरे. पुढे १९०६ मध्ये मद्रास इलाख्यात राणीपेट येथे सुपर फॉस्फेटचा कारखाना निघाला आणि मुंबईजवळ अंबरनाथ येथे धरमसी मोरारजी कंपनीने, जिची स्थापना १९१९ ची, हेच खत तयार केले. आता कच्चा माल हाडांचा नसून खडकाचा असतो. उदयपूरजवळच्या झामरकोटड्याची खाण ही आपली त्यातली मोठी ठेव. पण ती देशाच्या गरजेला पुरत नाही, आणि म्हणून मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त अशा देशांकडे आपल्याला हात पसरावा लागतो.

पिकाला स्फुरद हवे असते ते मुख्यतः बाल्यावस्थेत. पेशींची वाढ, मुळांचा विस्तार, सूर्यप्रकाशातून मिळविलेल्या शक्तीची देवघेव आणि अनुवंशाचा वारसा जपणारी केंद्रकाम्ले या साऱ्यांत ते गुंफलेले आहे. बीजामध्येही निसर्गाने स्फुरदाची थोडी शिदोरी बांधून दिलेली असते. कोंब वर येऊन पहिली मुळे फुटेपर्यंत ती पुरते, आणि ती सरू लागली म्हणजे कोवळ्या रोपाला हे द्रव्य जमिनीतून मिळविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नेमक्या त्याच वेळी मुळांचा पसारा मात्र अगदी तोकडा असतो. या वेळी स्फुरद मिळाले नाही तर रोप खुजे राहते, पाने प्रथम प्रमाणाबाहेर गर्द हिरवी दिसून पाहणाऱ्यास उलट समाधान वाटते, मक्यासारख्या पिकात पानांच्या कडांवर जांभळी छटा चढते, फुटवे कमी येतात आणि पीक निसवावयास व पक्व व्हावयास उशीर लावते. नत्राची उणीव पिवळ्या रंगाने ओरडून सांगते. स्फुरदाची उणीव मुकाट्याने उतारा घटविते. रब्बीत थंडी पडली म्हणजे मुळेही मंदावतात आणि मातीतील स्फुरदाची हालचालही मंदावते, म्हणून गहू-हरभऱ्याला या खताचा गुण अधिक स्पष्ट दिसतो.

आता जमिनीची बाजू पाहू. युरिया पाण्यात विरघळून पाण्याबरोबर खाली वाहतो, आणि पाऊस जास्त झाला तर मुळांच्या आवाक्याबाहेरही जातो. स्फुरदाचे नेमके उलट आहे. दाणा जेथे पडला त्या जागेपासून ते काही मिलिमीटरांपलीकडे क्वचितच सरकते. शिवाय ते फार वेळ एकटे राहत नाही. देशावरच्या आपल्या काळ्या जमिनी अल्कधर्मी, त्यांचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, आणि पुष्कळ ठिकाणी नांगराबरोबर चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. अशा जमिनीत सुपरमधील विद्राव्य फॉस्फेटाला चुन्यातील कॅल्शियम गाठते आणि पायरीपायरीने त्याचे अशा रूपात परिवर्तन करते, की शेवटी ते ज्या खडकापासून बनले होते त्याच्याच जवळपास जाऊन पोहोचते. कोकणात जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी जमीन. तेथे हेच काम लोह आणि ॲल्युमिनियम करतात, व त्यांची पकड चुन्याहून सैल नसते. परिणाम असा की, घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारणपणे पंधरा ते वीस टक्केच येते. बाकीचे नाहीसे होत नाही. सरकारी खजिन्यात भरलेल्या अनामतीसारखे ते आपल्या नावावर असते खरे, पण हवे तेव्हा हाती येत नाही. भातखाचरात पाणी साठून राहिल्याने लोहाची ही पकड काहीशी ढिली होते, म्हणून कोकणातल्या भाताला जमिनीतल्या साठ्याचा थोडा आधार मिळतो. देशावरच्या जिरायत ज्वारी-हरभऱ्याला ती सवलत नाही.

जे हलत नाही आणि जे मातीच्या कणाकणाशी झटून अडकते, ते खत सबंध रानभर विखरून टाकणे म्हणजे त्याचा चुन्याशी होणारा संपर्क आपणच वाढवून देणे होय. वरून फेकलेले दाणे जमिनीच्या पहिल्या बोटभर थरात अडकून पडतात. तो थर उघडीप पडली की आधी वाळतो, आणि मुळे ओलाव्यामागे खाली जातात. याच्या उलट तेच खत एका ओळीत, पट्ट्याने, बियाण्याच्या खाली व बाजूला सुमारे पाच सेंटिमीटर अंतरावर पडले, तर खताचा मातीशी संपर्क कमी आणि मुळांशी संपर्क लवकर, असा दुहेरी लाभ होतो. हे साधणारे अवजार आपल्याकडे नवे नाही. पाभर आणि तिफण ही दख्खनच्या शेतकऱ्याची पुरातन मिळकत आहे. लाकडी चाड्यात मुठीने बी सोडावे, ते नळ्यांतून फणांच्या मागे जमिनीत उतरावे, आणि मूठ इतकी बेताची असावी की ओळ ना दाट पडावी ना विरळ, हे कौशल्य घराघरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहे. कृषी विद्यापीठांनी या पाभरीला खतासाठी दुसरे चाडे जोडून घ्यावे अशी शिफारस केली, आणि दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी पण वेगवेगळ्या वाटांनी पेरले जाऊ लागले. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात या दोन चाड्यांच्या जागी दोन पेट्या आल्या, तत्त्व तेच राहिले.

हे यंत्र भाड्याने आणले म्हणजे आपले काम संपले असे समजून बांधावर जाऊन बसणारे पुष्कळ असतात, आणि येथेच घात होतो. चालकाला एकरी पैसे मिळतात, त्याला घाई असते. खताची नळी आणि बियाण्याची नळी एकाच फणामागे एकाच खोलीवर सुटली तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते. म्हणून पहिल्या तासात दहा-पंधरा पावले यंत्र चालले, की ते थांबवून ओळीची माती बोटांनी अलगद उकरून पाहावी. बी किती खोल आहे, दाणा त्याच्या खाली वा बाजूला आहे की त्याला चिकटून बसला आहे, एखादी नळी ओल्या खताने तुंबली आहे काय, याची रुजुवात दोन मिनिटांत होते. बी आणि डीएपी एकाच पेटीत मिसळून पेरण्याची जी सोपी युक्ती सर्रास दिसते, ती मात्र सोडूनच द्यावी. डीएपीचा दाणा ओलाव्यात विरघळताना त्याच्याभोवती अमोनिया सुटतो आणि क्षारांचे प्रमाण वाढते. वाफसा उत्तम असला तर नुकसान भागून जाते, पण पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर हाच दाणा कोंब जाळतो, आणि मग दोष बियाण्याला दिला जातो.

आता पोत्याचा हिशेब. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे असतात ते अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण. डीएपीवर १८:४६:०० असते, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे पोत्यामागे ८ किलो. पण त्याबरोबर सुमारे साडेपाच किलो गंधक आणि भरपूर कॅल्शियम फुकट पदरात पडते. १०:२६:२६ किंवा १२:३२:१६ या संयुक्त खतांत पालाशही असते. उदाहरणासाठी हरभरा घेऊ. त्याला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही प्रचलित शिफारस. एकरी हिशेबाने १० आणि २०. हे स्फुरद सुपरमधून द्यायचे तर अडीच पोती लागतात व नत्रासाठी वर सुमारे २२ किलो युरिया. डीएपीतून द्यायचे तर एका पोत्यालाही थोडे कमी, म्हणजे ४३-४४ किलो पुरते, आणि त्यातच पावणेआठ किलो नत्र येऊन जाते. वाहतूक, हमाली आणि वेळ यांचा विचार केला तर डीएपीचे आकर्षण अकारण नाही, हे मान्य केले पाहिजे.

दामाचाही विचार असाच सरळ करावा. डीएपीचे पोते १,३५० रुपयांना आणि युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना, हे गेल्या काही वर्षांतील भाव धरले, तर युरियातील नत्र किलोमागे तेरा रुपयांच्या आत पडते. डीएपीतील ९ किलो नत्राचे सुमारे ११६ रुपये वजा केले म्हणजे उरलेले १,२३४ रुपये २३ किलो स्फुरदाचे झाले; म्हणजे किलोमागे चौपन्न रुपयांच्या आतबाहेर. या दराने सुपरच्या पोत्यातील ८ किलो स्फुरदाची किंमत सुमारे ४३० रुपये होते. सुपरचे पोते याहून महाग मिळत असेल, तर वरची रक्कम आपण गंधकासाठी देत आहोत असे समजावे, आणि ते गंधक आपल्या पिकाला हवे आहे की नाही ते ठरवावे. सोयाबीन, भुईमूग, करडई, तूर, हरभरा यांना ते हवेच असते. तेलबियांत तेल आणि डाळींत प्रथिने बनण्यास गंधक लागते, आणि भुईमुगाच्या शेंगा भरण्यास सुपरमधील कॅल्शियमही उपयोगी पडते. म्हणून ज्याच्या रानात तेलबिया किंवा कडधान्य आहे, त्याने डीएपी मिळाले नाही म्हणून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. किंबहुना त्याने आधी सुपरच विचारावे, असे माझे मत आहे. ज्वारी-गव्हासारख्या तृणधान्याला डीएपी किंवा संयुक्त खत सोयीचे. खडकाची नुसती भुकटी, म्हणजे रॉक फॉस्फेट, देशावरच्या चुनखडीयुक्त जमिनीत जवळजवळ निरुपयोगी ठरते. कोकणातल्या आम्ल जमिनीत मात्र ती हळूहळू विरघळते आणि फळझाडांना बरी लागू पडते.

मालाच्या खरेपणाची एक खेडवळ परीक्षा येथे सांगण्यासारखी आहे, कारण तिचे साहित्य आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात असते. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्यावेत, त्यांवर चुना घालून तंबाखू मळतात तसे ते अंगठ्याने मळावेत. खरे असेल तर नाकाला झोंबणारा अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, कारण चुना त्यातील अमोनियाला हुसकावून लावतो. तव्यावर मंद आचेवर ठेवले असता खऱ्या डीएपीचे दाणे फुगतात, सुपरचे दाणेदार खत फुगत नाही. एकाच्या नावाखाली दुसरे विकणाऱ्याला पकडण्यास एवढे पुरते, पण ही काही प्रयोगशाळा नव्हे. प्रमाण कमी भरते की काय हे हातावर कळत नाही. म्हणून पक्की पावती आणि पोत्यावरील छापाचा तुकडा हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावा. खत नियंत्रण आदेशाखाली तक्रार करावयाची वेळ आली तर पुरावा म्हणून हेच उपयोगी पडतात.

अडकलेले स्फुरद मोकळे करण्याचे काही उपायही आहेत. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक सामान्यतः दहा किलो बियाण्यास अडीचशे ग्रॅम या प्रमाणात, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून चोळतात. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून कॅल्शियमची पकड सैल करतात. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी, मग जिवाणू, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. परंतु जिवाणूंनी खताची गरजच संपते अशी जाहिरात कोणी करील, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. ते मदतनीस आहेत. त्यांच्याहून जुना आणि माझ्या मते अधिक भरवशाचा उपाय म्हणजे शेणखत. सुपर फॉस्फेट पेरणीपूर्वी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत दिले, तर सेंद्रिय द्रव्याच्या सहवासात ते चुन्यापासून अधिक काळ दूर राहते. गोठ्यातल्या उकिरड्यावर थरांमध्ये थोडे सुपर भुरभुरले असता उडून जाणारा अमोनियाही त्यात धरला जातो. झिंक सल्फेट मात्र डीएपीबरोबर किंवा सुपरबरोबर मिसळू नये. दोघांची गाठ पडली की जस्त पिकाला मिळेनासे होते.

नियमाला अपवाद असतात. आडसाली उसासारखे दीर्घ मुदतीचे पीक असेल तर स्फुरदाचा निम्मा हप्ता लागणीच्या वेळी आणि निम्मा मोठ्या बांधणीच्या वेळी मातीआड देण्याची शिफारस आहे. ठिबक असलेल्या बागेत पाण्यात पूर्णपणे विरघळणारे १२:६१:०० नळीतून देता येते. पण गुडघाभर सोयाबीनमध्ये पाऊस पडून गेल्यावर हाताने डीएपी फेकत जाणे, आणि आठ दिवसांनी पीक काळेभोर झाले म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणे, यांत समाधान असले तरी लाभ थोडा. तो काळेपणा आणला त्यातल्या नत्राने. तेच नत्र युरियातून कितीतरी स्वस्तात मिळाले असते, आणि स्फुरद वरच्या थरात पडून राहिले.

आणखी एक गोष्ट, आणि ती कंजूष माणसाला आवडेल अशी. द्राक्षे, ऊस, कांदा, भाजीपाला अशा पिकांसाठी ज्या रानात वर्षानुवर्षे पोत्यांमागून पोती ओतली गेली, तेथे अडकलेल्या स्फुरदाचा साठा इतका वाढलेला असतो की, तेथे पूर्ण मात्रा देणे ही उधळपट्टी होते. जादा स्फुरदामुळे जस्त व लोह यांची उणीव पडून कोवळी पाने पांढुरकी होतात, आणि त्यावर फवारणीचा नवा खर्च सुरू होतो. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, माती तपासूनच कळते. अल्कधर्मी जमिनीसाठी ओल्सेन यांची आणि आम्ल जमिनीसाठी ब्रे यांची, अशा दोन रीती प्रयोगशाळांत रूढ आहेत. हेक्टरी उपलब्ध फॉस्फरस १० किलोंहून कमी असेल तर कमतरता, १० ते २५ मध्यम आणि २५ च्या वर भरपूर, असा स्थूल निकष आहे. येथे एक तफावत ध्यानात ठेवावी: प्रयोगशाळेच्या पत्रिकेत आकडा कधी मूलद्रव्याचा असतो, तर पोत्यावरचा आकडा नेहमी त्याच्या ऑक्साइडचा, पहिल्याला २.२९ ने गुणले म्हणजे दुसरा मिळतो. शिफारशीपेक्षा मात्रा किती कमी-अधिक करावी हे पत्रिकेवरच लिहिलेले असते, आणि नसेल तर कृषी सहायकाला विचारावे.

मातीचा नमुना घेण्याचा उत्तम काळ म्हणजे रब्बी निघाल्यानंतरचा, रान मोकळे असतानाचा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची आणि गुरे बसण्याची जागा वगळून शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे खड्डे करावेत, त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून एका घमेल्यात गोळा करावी, सावलीत वाळवून चांगली मिसळावी, आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत अर्धा किलो उरेपर्यंत कमी करावी. ती पिशवीत भरून आत व बाहेर नाव, गट क्रमांक, घेतलेले व घ्यावयाचे पीक लिहिलेली चिठ्ठी घालावी, आणि जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्यावी. पत्रिका हाती पडण्यास अवधी लागतो, म्हणून हे काम मृगाच्या तोंडावर न ठेवता चैत्रातच उरकावे. आणि जूनमध्ये खतांच्या दुकानी जाताना खिशात पैशांबरोबर ती पत्रिकाही असू द्यावी.